सावली आणि भरती

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्राध्यापक जयंत विष्णु नारळीकर. आपली आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. मराठी घरांत कृष्णविवर आले ते बरेचसे असे, गोष्टीच्या वाटेने. त्या वेळी कृष्णविवर कोणी पाहिलेले नव्हते. हंस तारकासमूहातला एक क्ष-किरण स्रोत तेवढा बळकट उमेदवार म्हणून पुढे आला होता.

पुढे 45 वर्षांनी, 10 एप्रिल 2019 रोजी, एम-87 या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची सावली जगाने पाहिली. 12 मे 2022 रोजी आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रातल्या धनु-अ* ची पाहिली. नारिंगी कडे आणि मध्ये काळोख, हे चित्र आता शाळेच्या भिंतीवरही असते. माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात रविवारी बसणाऱ्या बीएस्सीच्या मुलामुलींनाही ते पाठ आहे. पण त्या चित्राच्या जोडीचा दुसरा विषय, कृष्णविवराजवळचे भरतीबल, त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेला नाही. ‘माणूस शेवयांसारखा ताणला जातो’ या एका वाक्यापाशी तो थांबतो. हे पुस्तक लिहायला घेतले ते या दोन गोष्टी एकत्र शिकवण्यासाठी. आइनस्टाइनचा गुरुत्व सिद्धांत जिथे बदलून पाहिला जातो तिथे तर सावली आणि भरती एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

भरती म्हटले की डोळ्यांपुढे कोकण येते. मराठवाड्याला समुद्र नाही. पण भरती इथेही येते. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीचे घन कवचसुद्धा दिवसातून दोनदा वरखाली होते आणि आपल्या अक्षांशांवर हा चढउतार साधारण 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. आमचा सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुलाचे मैदान, त्याखालचा काळा पाषाण हे सगळे वीतभराहून अधिक उचलले जाते आणि पुन्हा खाली बसते. शेजारची प्रत्येक वस्तू त्याच वेळी त्याच मापाने हलत असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

याचे कारण न्यूटनने 1687 मध्येच सांगितले. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला केंद्रापेक्षा किंचित जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला किंचित कमी. ओढीतला हा फरक म्हणजे भरतीबल. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, फरक घनाने घटतो. म्हणून सूर्याची ओढ चंद्राहून कितीतरी मोठी असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि चंद्राचा वाटा तरी केवढा? पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गुरुत्वत्वरणाचा जेमतेम एक कोटीवा भाग. एवढ्यावर मांडव्यापासून मालवणपर्यंतच्या खाड्या भरतात आणि रित्या होतात.

आइनस्टाइनने या फरकाला वेगळीच प्रतिष्ठा दिली. मुक्तपणे कोसळणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, म्हणजे ओढ ही नुसती आपल्या जागेवरून दिसणारी गोष्ट झाली. जागा बदलली की ती नाहीशी होते. फरक मात्र नाहीसा होत नाही. कोसळत्या माणसाच्या डोक्यापाशी आणि पायांपाशी ओढ वेगवेगळी राहतेच, आणि त्याच्या डाव्या-उजव्या खांद्यांवरच्या ओढीच्या दिशाही एकमेकींकडे कललेल्या राहतात. व्यापक सापेक्षता सिद्धांतात अवकाश-काळाची वक्रता म्हणतात ती हीच. गुरुत्व म्हणून जे खरोखर उरते ते भरतीच्या रूपात उरते. विद्यार्थ्याला सावलीच्या चित्राआधी हे शिकवले पाहिजे, असे मला वाटते ते यासाठी.

आता आकडे पाहू. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचे कृष्णविवर घ्या. त्याचे क्षितिज केंद्रापासून सुमारे 30 किलोमीटरवर. तिथे पाय खाली करून पडणाऱ्या माणसाच्या डोक्या-पायांतल्या ओढीचा फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या जवळपास दोन कोटी पट भरतो. काहीच उरणार नाही. पण धनु-अ* चे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 40 लाख पट आहे, आणि त्याच्या क्षितिजापाशी हाच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास येतो. माणसाला तो कळणारही नाही. एम-87 मधले कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांचे. त्याच्या क्षितिजावर डोक्या-पायांतला जो फरक आहे, त्याच्या दहा हजार पटींहून अधिक फरक तुम्ही आत्ता, गारखेड्याच्या फरशीवर उभे राहून, पृथ्वीच्या गुरुत्वामुळे सोसत आहात. कृष्णविवर जितके मोठे तितके त्याचे दार सौम्य: क्षितिजावरची भरती वस्तुमानाच्या वर्गाने कमी होते. मी हे गणित फळ्यावर मांडतो तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो, मग सगळे आपापल्या वहीत पुन्हा करून बघतात. पुस्तकात ते पूर्ण पायऱ्यांसह दिले आहे.

माणूस लहान असतो, तारा मोठा असतो; म्हणून ताऱ्याचे नशीब वेगळे. सूर्यासारखा तारा धनु-अ* पासून सुमारे 11 कोटी किलोमीटरवर, म्हणजे क्षितिजाच्या पुष्कळ बाहेरच, फाटतो. त्याचा वायू कृष्णविवराभोवती फिरत तापतो आणि महिनोन् महिने झळाळतो. कृष्णविवर दहा कोटी सूर्यांहून जड असेल तर मात्र असा तारा फाटण्याआधीच क्षितिजापलीकडे जातो, बाहेर काही दिसत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये पालोमारच्या सर्वेक्षणात एटी2022सीएमसी नावाचा स्फोट सापडला. लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया ही दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात. तिने लगोलग त्याचे वेध घेतले. साडेआठ अब्ज वर्षांपूर्वी एका कृष्णविवराने फाडलेल्या ताऱ्याचा तो प्रकाश होता. कृष्णविवराच्या भरतीबलाचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

सावलीचे गणित वेगळ्या जागी घडते. कृष्णविवराभोवती एका ठरावीक अंतरावर प्रकाशालासुद्धा गोल फिरत राहता येते. न फिरणाऱ्या कृष्णविवरात ही जागा क्षितिजाच्या दीडपट अंतरावर असते. तिला आपण प्रकाशगोल म्हणू. दुरून येणारा किरण या गोलाच्या आत घुसला की गेला. बाहेरून निसटला की वाकून पुढे जातो. दूरच्या निरीक्षकाला त्यामुळे एक काळी चकती दिसते आणि तिचा व्यास क्षितिजाच्या व्यासाच्या सुमारे 2.6 पट असतो, कारण कृष्णविवर स्वतःच स्वतःचे भिंग होते. एका विद्यार्थिनीने हे पायथनमध्ये उतरवले. लॅपटॉपच्या पडद्यावर उजवीकडून समांतर किरण सोडले, प्रत्येकाचे केंद्रातून जाणाऱ्या रेषेपासूनचे अंतर थोडे थोडे वाढवत नेले. वस्तुमान एक धरले तर 5.19 अंतरावरचा किरण भोवती घिरटी घालून आत पडला आणि 5.20 वरचा जवळजवळ तशीच घिरटी घालून परत बाहेर आला. आत पडणारा आणि सुटणारा यांच्यातली ती सीमा 27 च्या वर्गमुळावर आहे, म्हणजे 5.196. सावलीची कड ती हीच. त्या संध्याकाळी तिने किमान शंभर किरण सोडले असतील आणि कोणालाही उठावेसे वाटले नाही.

एम-87 च्या कड्याचा व्यास 42 मायक्रो-आर्कसेकंद, धनु-अ* च्या कड्याचा सुमारे 52. पृथ्वीवरच्या सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एप्रिल 2017 मध्ये एकाच वेळी रोखून, 1.3 मिलिमीटर तरंगलांबीवर हे माप काढले. आइनस्टाइनच्या सिद्धांताने जे सांगितले होते त्याच्याशी एम-87 चे माप सुमारे 17 टक्क्यांच्या आत जुळते, धनु-अ* चे सुमारे 10 टक्क्यांच्या. उरलेल्या या फटीत सुधारित गुरुत्वाचे सिद्धांत उभे आहेत.

सिद्धांत सुधारायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. व्यापक सापेक्षता आजवर एकाही कसोटीत नापास झालेली नाही. पण तिच्याच समीकरणांतून कृष्णविवराच्या पोटात भरतीबल अनंत होते, आणि अनंत हे उत्तर कोणत्याही भौतिकीला मान्य होण्यासारखे नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग का वाढतो याचेही समाधानकारक स्पष्टीकरण अजून हाती नाही. तेव्हा समीकरणांना कुठेतरी हात लावावा लागेल असे मानणारे लोक जगभर आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांची परंपरा जुनी आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि भारतात व्यापक सापेक्षतेचे संशोधन उभे राहिले ते मुख्यतः त्यांच्या हाताखाली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी के. आर. करमरकर यांनी 1948 मध्ये मांडलेली एक भूमितीय अट आज सुधारित गुरुत्वातल्या घन ताऱ्यांवरच्या शोधनिबंधांत सर्रास वापरली जाते. करमरकरांचे नाव मराठी माणसाला माहीत नसावे याची मला मनापासून खंत वाटते. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव यांनी तर 1964 मध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्वतंत्र गुरुत्व सिद्धांतच मांडला. एखाद्या वस्तूचे जडत्व हे विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे असते, हा त्याचा गाभा. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते गेले तोवर, प्रस्थापित मताला पुराव्याने प्रश्न विचारण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही.

या पुस्तकाचा कणा मात्र पुण्यातल्याच दुसऱ्या माणसाच्या कामावर आहे. नरेश दधीच मूळचे राजस्थानचे. पुढे पुणे विद्यापीठात आलेल्या विष्णुपंतांचे ते विद्यार्थी होते आणि नंतर पुण्यातल्याच आयुका या खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. 2000 मध्ये रॉय मार्टेन्स आणि आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक कृष्णविवर कागदावर आणले. आपले चार मितींचे विश्व हा पाच मितींच्या विश्वातला एक पातळ पडदा आहे, असे समजा. प्रकाश आणि पदार्थ पडद्यावरच राहतात, गुरुत्व मात्र पलीकडेही पसरते. पलीकडच्या वक्रतेचा, म्हणजे भरतीचा, ठसा पडद्यावर उमटतो आणि इथल्या कृष्णविवराच्या समीकरणात एक जादा पद येते. विद्युतभारित कृष्णविवराच्या समीकरणात भाराच्या वर्गाचे जे पद असते अगदी तसेच. पण इथे विद्युतभार कुठेच नाही. दधीच आणि सहकाऱ्यांनी त्याला भरती-भार म्हटले. विद्युतभाराचा वर्ग नेहमी धन असतो. भरती-भार ऋण असू शकतो, आणि लेखकांच्या मते तो ऋण असणेच अधिक स्वाभाविक आहे. दुसऱ्या मितीचा वास या चिन्हातून येतो.

ऋण भार सावली मोठी करतो. भार वस्तुमानाच्या वर्गाइतका आणि ऋण घेतला तर सावली सुमारे 14 टक्क्यांनी फुगते. एम-87 च्या मापात हे खपून जाते. कोलकात्याच्या एका गटाने 2020 मध्ये ते माप ऋण भाराला थोडे अनुकूलच असल्याचे दाखवले. धनु-अ* पुढे मात्र एवढा मोठा भार अडचणीत येतो. आता भरतीकडे या. त्याच अंतरावर उभा ताण ऋण भारामुळे वाढतो, आणि वाढीव भाग अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो. पण क्षितिजही बाहेर सरकलेले असते, 2 वरून 2.41 वर, त्यामुळे क्षितिजापाशी मोजलेला ताण उलट थोडा कमी भरतो. भार धन असेल तर गोष्ट आणखी निराळी: केंद्राकडे जाताना एका टप्प्यावर ताण शून्य होतो आणि पुढे ताणाच्या जागी दाब सुरू होतो. एकच आकडा, पण सावलीत तो एक बोलतो आणि भरतीत दुसरे.

याचे कारण दौलताबादच्या घाटातून खुलताबादकडे गाडी चालवणाऱ्याला चटकन कळेल. रस्त्याची एका जागची उंची ही एक गोष्ट, तिथला चढ ही दुसरी, आणि तो चढ किती झपाट्याने बदलतो ही तिसरी. कृष्णविवराचे समीकरणही असेच एका फलनात मावते. सावलीचा आकार फक्त प्रकाशगोलापाशी त्या फलनाची उंची आणि चढ वाचतो. आडव्या दिशेचा भरतीचा दाब चढावरून ठरतो, उभा ताण चढाच्या बदलावरून. प्रकाशगोलाच्या जागी उंची आणि चढ सारखे ठेवून चढाचा बदल निराळा असलेले दोन सिद्धांत रचणे अवघड नाही. सावलीच्या व्यासावरून त्यांच्यात फरक करता येणार नाही. मात्र कड्याच्या आत प्रकाशाची जी अधिकाधिक बारीक उपकडी असतात, प्रकाशाच्या अर्ध्या-अर्ध्या फेरीगणिक एक, त्यांचे एकमेकांपासूनचे अंतर चढाच्या बदलावर अवलंबून असते. शेजारचे दोन किरण एकमेकांपासून किती वेगाने दुरावतात ही शेवटी प्रकाशावरची भरतीच आहे. आजच्या दुर्बिणींना ती उपकडी वेगळी दिसत नाहीत.

सावलीवर विसंबून राहण्यातला दुसरा धोका टाटा संस्थेतल्या कामाने दाखवला. पंकज जोशी, रजिबुल शेख, प्रशांत कोचेरलाकोटा आणि रमेश नारायण यांनी क्षितिज नसलेल्या उघड्या केंद्रबिंदूंच्या सावल्या काढल्या. प्रकाशगोल असेल तर क्षितिज नसतानाही कृष्णविवरासारखी सावली पडू शकते. तेव्हा 2019 च्या चित्रात आपण क्षितिज पाहिले असे म्हणणे घाईचे आहे. आणि याच्या बरोबर उलटे उदाहरण शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांचे. त्यांनी ओल्मेडो आणि सिंग यांच्याबरोबर 2018 मध्ये पुंज गुरुत्वाच्या आधारे कृष्णविवराचे अंतरंग दुरुस्त केले. तिथे वक्रतेला एक कमाल मर्यादा येते, भरतीबल प्रचंड होते पण अनंत होत नाही, आणि ती मर्यादा कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून नाही. बाहेर, जिथे सावली ठरते, तिथे मोठ्या कृष्णविवरासाठी बदल नगण्य. अष्टेकरांचा सिद्धांत खरा असला तरी सावलीच्या चित्राला ते कधी कळणार नाही.

मग भरती मोजायची कुठे? आपल्याच मराठवाड्यात. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहत आहे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, निर्वात नळ्या आणि त्यांतून ये-जा करणारा लेझर. गुरुत्वीय लहर म्हणजे प्रवास करणारी भरती. ती एक भुजा किंचित ताणते, दुसरी किंचित आखडते. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी पहिली लहर टिपली तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा होता. सूतगिरणी चौकाला उचलणारी चंद्राची भरती औंढ्याच्या भुजांनाही ताणणारच, आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या घरात, म्हणजे लहरीच्या मानाने अवाढव्य. पण ती तासन् तास घेत सावकाश चढते-उतरते आणि लहर सेकंदात शेकडो वेळा थरथरते, म्हणून यंत्र एकीला सावरून घेत दुसरी ऐकू शकते. ज्याला भरती समजली त्याला हे यंत्र समजले. जालना-जिंतूरमार्गे सकाळी निघून दुपारी पोहोचता येईल इतक्या जवळ ते होते आहे, आणि आमच्या कॉलेजांतल्या किती विद्यार्थ्यांना त्यातले भौतिक सांगता येईल याची मला काळजी वाटते.

सुधारित गुरुत्वाची खरी परीक्षा इथे होऊ शकते. एकमेकांभोवती फिरत जवळ येणारे दोन गोल परस्परांच्या भरतीने किती विकृत होतात हे लव्ह अंक सांगतो. ऑगस्टस लव्ह या इंग्रज गणितज्ञाने 1909 च्या सुमारास तो पृथ्वीच्याच भरतीसाठी योजला. आइनस्टाइनच्या चार मितींच्या कृष्णविवरांसाठी तो बरोबर शून्य येतो. अशा कृष्णविवराला स्थिर भरतीने फुगवटा येतच नाही. पण दधीच यांच्या भरती-भाराच्या कृष्णविवरासाठी तो शून्य राहत नाही. तेव्हा आयुकात असलेले कबीर चक्रवर्ती आणि सुकांत बोस, कोलकात्याचे सुमंत चक्रवर्ती आणि सौमित्र सेनगुप्ता यांनी ते गणित केले. म्हणजे पुण्यात सुचलेला भार आणि पुणे-कोलकात्याने मिळून काढलेली त्याची खूण यांचा पडताळा हिंगोलीत व्हायची शक्यता आहे. शून्य आणि शून्य नव्हे यांच्यातला फरक कोणत्याही टक्केवारीपेक्षा स्वच्छ असतो.

पुस्तक वाचायला बारावीचे कलन पुरते. पहिली तीन प्रकरणे न्यूटनच्या भरतीवर आहेत. ती ओलांडून सरळ सावलीवर जाऊ नका, पुढची समीकरणे कोरडी वाटतील. प्रकाशगोलाच्या प्रकरणात भरती-भाराची सावली हाताने काढून दाखवली आहे. तिथे भाराचे चिन्ह बदलून उदाहरण पुन्हा एकदा सोडवा आणि उभा ताण कुठे शून्य होतो ते शोधा. मग तो बिंदू क्षितिजाच्या आत पडतो की बाहेर ते तपासा. भार वस्तुमानाच्या वर्गाच्या आठ-नवमांशाहून अधिक असेल तर तो बाहेर येतो. उत्तर मागे दिलेले नाही.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर